चित्रामागे चिकटवलेला अर्थ

"ताई, तुमी आत्ताच्या आत्ता अकोल्याले या. तुमचं थे चित्र पाहून आमच्या घरात कालपासून कोनी नीट जेवलं नाई."

हा फोन आला तेव्हा मी काच कापत होते. काच कापताना फोन घ्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. काच कापायच्या कलमाला आम्ही हिरा म्हणतो. हिरा एकदा ठेवला की एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. मध्ये थांबलात, की काच तिला वाटेल तिकडून फुटते. मी थांबले. एका निवृत्त साहेबांच्या सत्काराच्या फोटोवर बसायची काच बरोबर त्यांच्या फेट्याच्या जागी फुटली.

फोन करणाऱ्या गृहस्थांचं नाव भास्करराव गावंडे. अकोल्याला त्यांचं धान्याचं दुकान. त्यांना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, पण माझं अक्षर त्यांच्या घरी जाऊन पोचलं होतं. त्याची गोष्ट सांगते.

अमरावतीत राजापेठेत आमचं फ्रेमचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर हिरा माझ्याकडे आला, त्याला आता चौतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आत येतं, माझ्याकडे बघतं, माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "मालक कुठी गेले?" मी म्हणते, "मालक काच कापून राहिले, दोन मिनिटं बसा."

फ्रेम म्हणजे चार पट्ट्या. पट्टी कोणीही कापेल. कोपरा जुळवणं हे खरं काम. दोन्ही पट्ट्या तिरप्या कापून अशा बसवायच्या की मध्ये नखही शिरू नये. बाबा तयार फ्रेमच्या कोपऱ्यावर बोट फिरवायचे आणि काही न बोलता ती पुन्हा माझ्यासमोर ठेवायचे. पुन्हा उघड, असा त्याचा अर्थ. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालतात, तिला माउंट म्हणतात. माउंटनं चित्राला मोकळी जागा मिळते, शोभा येते. गिऱ्हाइकांना मात्र ती काहीतरी झाकायला हवी असते. एक जण मुलीचं प्रमाणपत्र घेऊन आले. म्हणाले, "माउंट असं कापा का 'तृतीय' झाकल्या जाईन, फक्त 'क्रमांक' दिसला पायजे." तसं कापून दिलं. आजही त्यांच्या बैठकीत ते लावलेलं आहे, 'निबंध स्पर्धेत क्रमांक'. दुसरे एक जण लग्नाचा फोटो घेऊन आले आणि त्यातले साडभाऊ झाकायला सांगितले. साडभाऊ नेमके नवरा-नवरीच्या मधोमध उभे. मी म्हटलं, यांना झाकलं तर दोन वेगवेगळे फोटो होतील. ते म्हणाले, "होऊ द्या, दोन फ्रेमा करा." नवरा एकीकडे, नवरी एकीकडे. वर्षभरानं परत आले, फ्रेमा जोडता येतील का विचारायला. साडभावाशी समेट झाला होता.

हे सगळं मला जमायचं. मी चुकले ते दुसऱ्याच कामात.

दुकानात आम्ही विकायला चित्रंही ठेवतो. चित्र घेणारा माणूस आधी मागं-पुढं होतो, डोळे बारीक करतो आणि मग विचारतो, "याचा अर्थ काय?" सुरुवातीला मी खरं सांगायची की माहीत नाही. माणूस तोंड पाडून निघून जायचा. मग मी अर्थ सांगायला लागले. पळते घोडे म्हणजे प्रगती, हे तर सगळ्यांनाच पाठ आहे. बाकीचे मी केले. बांबूचं बन म्हणजे एकी. उतरती संध्याकाळ म्हणजे समाधान. कोंबडा म्हणजे वेळेचं भान. तो मी रोज उशिरा येणाऱ्या एका कारकुनाच्या बायकोला विकला. अर्थ लावताना मजा यायची, खोटं काय सांगायचं. दुकानाबाहेर गाड्यांचे हॉर्न, वरच्या मजल्यावर ट्यूशनची पोरं पाढ्यासारखी सूत्रं म्हणतायत आणि मी आत उभी राहून तळहात हवेत फिरवत सांगतेय की या निळ्या रंगात एक प्रकारची ओढ आहे.

आता तळ्याचं चित्र. ते काढलं होतं पुंडलिकभाऊ इंगळे यांनी. वीज खात्यात लाईनमन होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून रंगांचा डबा आणला. कोणाकडे शिकले नाहीत. पहिलं वर्ष नुसतं आभाळ काढलं. नंतर डोंगर आले, झाडं आली आणि एक दिवस रिक्षात आडवं घालून हे चार फुटी चित्र घेऊन आले.

चित्र पाहून मी हातातला हिरा खाली ठेवला. मोठं तळं, हिरवट काळं पाणी, काठावर दाट झाडी, मागे डोंगरांच्या तीन रांगा. एकही पायवाट नाही. तळ्याच्या त्या काठाला एक लहानशी झोपडी, तिच्यावरून पांढरा धूर चाललेला, आणि अलीकडे काठाला लागलेली एक रिकामी नाव. माणूस एकही नाही.

"हे कुठलं हो, भाऊ? मेळघाटातलं का?"

"कुठलंच नाई," ते म्हणाले. "असंच हाय."

तीन महिने ते दुकानात टांगलेलं होतं. मग काळमेघ सर आले. सरांचे आमच्या वरच्याच मजल्यावर गणिताचे क्लासेस. त्यांच्या मुलीचं, रश्मीचं, लग्न ठरलेलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, शांत पोरगी. मुलगा अकोल्याच्या गावंड्यांचा अमोल, कृषी खात्यात. गावंड्यांनी नवं घर बांधलं होतं आणि लग्नाच्या दहा दिवस आधी वास्तुशांती होती. भेट म्हणून काहीतरी मोठं, भिंतभर पाहिजे होतं. सरांनी तळं पसंत केलं. कॅनव्हासच्या चित्राला काच लावत नाहीत, पण ते म्हणाले, अकोल्याला धूळ फार, लावा. लावली.

मग त्यांनी विचारलं, "अर्थ काय याचा?"

मी हात फिरवून सांगितला. त्यांना फार आवडला.

"लिहून द्या."

"काय?"

"अर्थ. मागं चिकटवून द्या. गणिताच्या पुस्तकात मागं उत्तर असते ना, तसं. नाहीतर थे लोक पाह्यतीन आन् उत्तर भलतंच काढतीन."

एवढ्यात दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. मी घाईघाईनं एका कागदावर मार्करनं लिहिलं:

'चित्राचा अर्थ. दूर, निवांत जागी एकच घर. कोणाची ये-जा नाही. काठाला नाव तयार. संपूर्ण शांतता. कु. रश्मीकडून, सासरच्या सर्वांना सप्रेम.'

सरांनी वाचलं, म्हणाले, "मुद्देसूद हाय. पूर्ण मार्क." मी तो कागद चित्राच्या पाठीला चारही बाजूंनी पक्का चिकटवला. माझं चिकटवलेलं सहसा निघत नाही.

आता तुम्ही हा कागद मुलाच्या आईच्या डोळ्यांनी वाचा. मी वाचला नव्हता.

फोन ठेवला तेव्हा काळमेघ सर जिन्यावरून खाली येतच होते. भास्कररावांनी आधी त्यांनाच फोन केला होता आणि माझा नंबरही त्यांच्याकडूनच घेतला होता. त्यांच्या बोटांना खडू तसाच होता.

"ताई, तुमच्या एका ओळीनं माह्या पोरीचं लग्न मोडाले आलं."

"माझ्या? लिहून तुम्हीच घेतलं ना?"

"मी अर्थ लिहून घेतला. धमकी नोती लिहून घेतली."

झालं असं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी चित्र लागलं, सगळ्यांनी वा वा केली. दुसऱ्या दिवशी खिळा ढिला झाला म्हणून ते खाली उतरवलं आणि अमोलच्या आईनं, सुमनताईंनी, मागचा कागद वाचला. दूर एकच घर. कोणाची ये-जा नाही. सून लग्नाआधीच कळवून राहिली की मला वेगळं राहायचंय, आणि तुमच्यापैकी कोणी तिकडं यायचं नाही. नाव तयार आहे म्हणजे पोराला घेऊन जायचीही व्यवस्था झाली. सुमनताईंनी ताट बाजूला सारलं. घरात अमोलच्या आत्याही होत्या, भास्कररावांच्या थोरल्या बहीण. त्यांनी आणखी पुढचं शोधून काढलं: चित्रातल्या तळ्यात सकाळी सकाळी एक बाई दिसते.

"मी येऊन काय करू?" मी विचारलं.

"ज्यानं उत्तर लिहिलं त्यानं स्टेप्स दाखवाव्या," सर म्हणाले.

मी पुंडलिकभाऊंनाही सोबत घेतलं. चित्र काढणारा माणूस समोर असला की बरं, असा माझा हिशेब. तो किती चुकला ते पुढं येईलच. सरांच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. सर वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "समजा लग्न मोडलं." आणि पुढचं वाक्य केलंच नाही. तीस वर्षं 'समजा' म्हणून पोरांना शिकवलेला माणूस, आणि पुढं काय समजायचं ते त्याला सुचेना. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पुंडलिकभाऊ मागच्या सीटवर शांतपणे खारे दाणे खात होते.

गावंड्यांची बैठक मोठी होती. चित्र भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं, पण उलटं. तळं भिंतीकडे आणि माझा कागद सगळ्या घराकडे. येणारा-जाणारा चप्पल काढता काढता तो वाचत होता. आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे एक गृहस्थ वाचून मान हलवत बाहेर पडले.

सुमनताई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. अमोल दाराशी उभा, सगळ्यांना पाणी देत होता, एकदा दिलं त्यांनाही परत देत होता. भास्करराव भला माणूस. ते हळूच मला म्हणाले, "मले तं चित्र आवडलं हो ताई. एवढं पानी! आमच्याकडं नळ कवा येते त्याचा भरवसा नाई. मी सकाळी उठून थोडा वेळ पाहत बसलो, बरं वाटलं."

"तुमी चूप बसा," सुमनताई म्हणाल्या. ते चूप बसले.

सुरुवात आत्यांपासून झाली. त्यांनी चित्र सरळ करवून भिंतीवर टांगायला लावलं आणि बरोबर मध्यभागी उभ्या राहिल्या. "हे पाहा. हे. पान्यात. बाई हाय का नाई? डोक्यावर पदर बी हाय."

मी त्यांच्या शेजारी गेले आणि मला कळलं. काचेचा दोष, म्हणजे माझाच. मी म्हटलं, "आत्या, जरा दोन पावलं डावीकडं सरका."

त्या सरकल्या.

"आता?"

"आता गेली."

"परत मध्ये या."

"आली! पाह्य, आली!" आणि मग त्यांनी हात वर केला. तळ्यातल्या बाईनंही केला. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "थकली दिसते बाई." आणि आत निघून गेल्या. तेवढ्यापुरतं मला वाटलं की मी हे प्रकरण सहज सोडवून परत जाणार.

सुमनताई मात्र काचेनं फसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पुंडलिकभाऊंकडे मोर्चा वळवला.

"चित्र तुमी काहाडलं?"

"हो."

"मग सांगा. या झोपडीतून धूर निघून राह्यला. कोन राह्यते तथी?"

पुंडलिकभाऊंनी चष्मा लावला. स्वतःचं चित्र नीट बघितलं. "कोनी नाई," ते म्हणाले. "धूर नाई थो. पांढरा रंग सांडला व्हता. पुसाले गेलो तं आनखी पसरला. मंग म्हटलं, खाली एक घर काहाडून देऊ, म्हंजे धूर वाटन."

सरांनी डोळे मिटले.

"आन् ही नाव? थी बी सांडली काय?"

"नाई नाई. तथी पयले म्हैस व्हती."

"म्हैस?"

"पानी पेत व्हती. पन तोंड जमलं नाई. तीनदा काहाडलं, तीनदा वकिलासारखं दिसे. मंग पाय खोडले, पाठ सपाट केली, नाव झाली."

अमोल दाराशी फस्सकन हसला आणि आईनं बघताच पाणी आणायला पळाला. मीही पदर तोंडाला लावला. सुमनताई हसल्या नाहीत.

"मानूस काऊन नाई एकबी? सासू नाई, सासरा नाई, लेकरू नाई. काऊन?"

"मानसं जमत नाईत मले," पुंडलिकभाऊ म्हणाले. मग चष्मा काढून हातात घेतला. "आन् खरं सांगू का बाई, काहाडाची बी नोती. चित्र पाहा नीट. एक तरी खांब दिसते काय? तार दिसते? मी पस्तीस वर्षं खांबावर चढलो. उन्हाळ्यात वर गेलो का खाली मानसं जमत आन् वरडत, लाईट कवा येते, लाईट कवा येते. वरून दूर पाह्यलं का शेतापल्याड पानी दिसे, असं हालतं, चमकतं. नसे तथी काई, ऊन असे नुसतं. पन मी पाहत बसो. वाटे, तथी जाऊन बसाव. तथी कोनाची लाईट जात नाई."

एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चित्राला मी 'संपूर्ण शांतता' असं ठोकून दिलं होतं आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं, "भाऊ, तुमच्या मनात काय होतं?" मला फार ओशाळं वाटलं.

"मंग हा अर्थ कोनी लिवला?" सुमनताईंनी बोट उचललं.

मी उभी राहिले. चौतीस वर्षांत गिऱ्हाइकाची फ्रेम माझ्याकडून वाकडी गेली नव्हती, पण तेव्हा माझा आवाज वाकडा झाला. "मी लिहिला. मला अर्थ-बिर्थ काही कळत नाही, सुमनताई. गिऱ्हाईक विचारतं म्हणून सांगते. तुमच्या सुनेला त्या कागदाची खबरसुद्धा नाही. तिनं चित्र पाहिलंय की नाही, तेही मला माहीत नाही. चूक माझी आहे, पोरीची नाही."

"लिहून मी घेतलं," काळमेघ सर मध्येच म्हणाले. तेही उभे राहिले. "मले वाटलं, उत्तर सोबत दिलं का गडबड होत नाई."

सुमनताईंनी आम्हा दोघांकडे शाळेतल्या पोरांकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाल्या, "थे काई नाई. पोरीलेच विचारतो मी. लाव रे अमोल फोन. सगळ्याइच्या समोर."

अमोलनं फोन लावला आणि टीपॉयवर ठेवला. रश्मी क्लिनिकमध्ये होती. मागून कोणीतरी "आई गं, आई गं" ओरडत होतं. खांद्याचा पेशंट असावा.

"रश्मी," सुमनताई म्हणाल्या, "मी बोलून राह्यली. थे तळ्याचं चित्र तू पाह्यलं काय?"

"हो काकू. बाबांनी फोटो दाखवला होता."

"तुले काय वाटलं थे पाहून? खरं सांगजो."

सर फोनकडे बघून जोरजोरात मान हलवत होते, जणू तिला दिसणार होतं.

"खरं सांगू? मला वाटलं, तिथं नेटवर्क नसेल."

"म्हंजे?"

"म्हणजे कोणी फोन करणार नाही. कोणी काही मागणार नाही."

सर मटकन खाली बसले.

"मंग तुले वेगळं राहाचं हाय?" सुमनताईंचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आतापासूनच सांगून दे, पोरी. मी काई म्हननार नाई. पन मंग असं चित्रातून नको सांगू."

"वेगळं नाही राहायचं, काकू. मला घरात माणसं पाहिजेत. आमच्याकडं आई गेल्यापासून मी आणि बाबा दोघंच. बाबा जेवतानासुद्धा गणितच बोलतात." मागचा पेशंट पुन्हा ओरडला. रश्मी त्याला म्हणाली, "काका, हात खाली सोडू नका," आणि मग परत फोनवर, "पण दिवसभर लोकांची हाडं दाबून घरी आले की कधी कधी वाटतं, दोन तास एकटं बसावं. कोणी 'काय झालं' असंसुद्धा विचारू नये. तेवढंच. हे बोलायला नको होतं का?"

भास्करराव पंख्याकडे बघत होते. मी कोपरे न्याहाळत होते, फ्रेमचे. चांगले जुळले होते, एवढंच त्या वेळी माझ्या बाजूनं होतं.

सुमनताई फोनकडे बघत राहिल्या. मग फार हळू म्हणाल्या, "मले बी."

"काय काकू?"

"मले बी तसंच वाटते. तीस वर्षं झाले लग्नाले. या घरात मी एकटी कवा बसली, आठवत नाई मले. न्हानीत गेली तरी दाराबाहेरून विचारतात, सुई कुठी हाय. थे चित्र पाह्यलं ना, पयल्या दिवशी, तं मी सगळे झोपल्यावर पाहत बसली व्हती. म्हटलं, हे घर आपल्याले पायजे. आन् दुसऱ्या दिवशी थो कागद वाचला." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम चिडून म्हणाल्या, "मले वाटलं, मी इतकी वर्षं थांबली आन् ही पोट्टी माह्या आंधीच जाऊन बसून राह्यली तथी!"

रश्मी फोनवर हसायला लागली. आधी हळू, मग आवरेना. सुमनताईही हसल्या, रडता रडता, नाक पुसता पुसता. मग पुंडलिकभाऊंना म्हणाल्या, "त्या नावंत दोघी मावतीन काय?"

पुंडलिकभाऊंनी गंभीरपणे विचार केला. "मावतीन. म्हैस मावली व्हती."

त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. जाण्याआधी मी चित्र खाली उतरवून मागचा कागद काढायला बसले. निघेना. सांगितलं ना, माझं चिकटवलेलं निघत नाही. शेवटी ओल्या फडक्यानं भिजवून, पातं लावून, एकेक शब्द खरवडून काढला. भास्कररावांनी विचारलं, "मंग आता अर्थ काय समजाचा याचा?" बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "बरं बरं. पानी हाय, तेवढं मले पुरे."

लग्न अगदी व्यवस्थित झालं. काळमेघ सर बिदाईच्या वेळी इतके रडले की क्लासची पोरं घाबरली. पुंडलिकभाऊंनी लग्नात एक नवं चित्र दिलं, नुसतं आभाळ. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांना फार आवडलं.

त्यानंतर मी अर्थ सांगणं सोडून दिलं. गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणते, "मला माहीत नाही, तुम्हाला काय दिसतं ते सांगा." काही जण चिडतात. काही जण मात्र चित्रासमोर स्टूल ओढून बसतात आणि अशा गोष्टी सांगतात की मी हिरा बाजूला ठेवून ऐकते. इतकी वर्षं मीच बोलत राहिले आणि यांचं ऐकलं नाही, याची रुखरुख आहे.

लग्नाला सात-आठ महिने झाले असतील. एका शुक्रवारी दुपारी दुकानात सुमनताई आल्या. एकट्या. हातात पिशवीसुद्धा नाही.

"अरे! काय फ्रेम करायचंय?"

"काईच नाई. बसतो मी."

मी स्टूल दिलं. चहा मागवला. त्या म्हणाल्या, रश्मीनं अकोल्याच्या बसस्टँडवर आणून सोडलं आणि घरी कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय. पुढचा शुक्रवार रश्मीचा. ती कुठं जाते ते त्या विचारत नाहीत. एवढं बोलून गप्प झाल्या. मी काच कापत होते, त्या बघत होत्या. पायांतल्या चपला त्यांनी काढून ठेवल्या होत्या. मध्ये एकदा डोळे मिटून घेतले. तासभर असा गेला. चौतीस वर्षांत माझ्या दुकानात येऊन काही न मागता बसलेलं हे पहिलंच माणूस.

मग माझा फोन वाजला. भास्करराव.

"ताई, आमची ही तुमच्याकडं आली काय हो? फोन घरीच ठेवून गेली, सगळ्याइले विचारून राह्यलो. घरात साखरेचा डबा सापडून नाई राह्यला. सगळ्या फळ्या पाह्यल्या. रश्मीले फोन केला तं थी म्हनते, मले बी ठाऊक नाई."

मी सुमनताईंकडे बघितलं. फोन बाजूला धरून कुजबुजले, "साखरेचा डबा विचारतायत."

त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "वरच्या फळीवर. मिठाच्या बरनीमागं."

मी फोन कानाला लावणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"सांगू नका," त्या म्हणाल्या.